अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ फेब्रुवारी २०२२ मध्ये घरच्या कोर्टावर हरत होता, मग एप्रिलमध्ये फायनलला कसा पोचला?

तुम्ही विचारलंय की अर्धा मोसम वीस-वीस, तीस-तीस गुणांनी मार खाणारा संघ शेवटच्या महिन्यात ड्यूक या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाला दोनदा हरवतो आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फायनलला जातो, याला नशिबाशिवाय दुसरं काय म्हणायचं? तो मोसम मी प्रभादेवीच्या आमच्या घरात, बऱ्याचदा पहाटेचा गजर लावून, जवळजवळ पूर्ण पाहिला. नशिबाचा वाटा होता, पण थोडा. जानेवारीत एका माणसाची जागा बदलली आणि ती बदललेली रचना संघाच्या अंगात मुरायला महिना-दीड महिना गेला. तुम्हाला दिसणारा चढ-उतार मुख्यतः त्या दीड महिन्याचा आहे.

आधी माझं नातं सांगते. कॉलेजात असताना मी गार्ड म्हणून, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारी, खेळायचे. आंतरकॉलेज सामने, माटुंग्याला सराव, आणि सुट्टीच्या दिवशी नागपाड्याला जाऊन नुसतं बघत बसणं. नागपाड्यानं भारताला अब्बास मुंतसिर यांच्यासारखा कर्णधार दिला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेला. तिथल्या कोर्टच्या कडेला बसून जुनी माणसं ज्या बारकाईनं खेळ वाचत, तेवढी बारकाई मी नंतर कुठल्या समालोचकाकडे पाहिली नाही. नॉर्थ कॅरोलायना आलं ते मायकेल जॉर्डनमुळे. १९८२ च्या फायनलमध्ये, पहिल्याच वर्षाला असताना, त्यानं न्यू ऑर्लिन्सला टाकलेली ती बास्केट आणि जॉर्जटाउनविरुद्धचा ६३-६२ असा विजय. मी जन्मले नव्हते तेव्हा, पण त्या फिकट निळ्या जर्सीवर जीव जडला तो कायमचा.

आता २०२१. एप्रिलमध्ये रॉय विल्यम्स निवृत्त झाले. तीन अजिंक्यपदं मिळवून देणारे प्रशिक्षक. त्यांच्या जागी ह्युबर्ट डेव्हिस आले. ते याच विद्यापीठात डीन स्मिथ यांच्या हाताखाली खेळलेले, पुढे एनबीएत गेलेले, नंतर इथेच सहायक प्रशिक्षक. त्यांनी खेळाची घडीच मोडली. विल्यम्स यांची पद्धत दोन उंच माणसं बास्केटखाली ठेवायची होती. डेव्हिसना एकच उंच माणूस आत हवा होता आणि बाकी चौघे बाहेर, मोकळी जागा करून. कागदावर हे सोपं दिसतं. पण दोन-तीन वर्षं एका सवयीनं खेळलेल्या मुलांचे पाय ती सवय लगेच सोडत नाहीत.

म्हणून सुरुवातीचे ते पराभव. नोव्हेंबरमध्ये पर्ड्यू आणि टेनेसीकडून लागोपाठ दोन. डिसेंबरमध्ये केंटकीकडून ९८-६९. जानेवारीत एकाच आठवड्यात मायामीकडून ८५-५७ आणि वेक फॉरेस्टकडून ९८-७६. हे आकडे नीट बघा. हा संघ तेव्हा चुरशीनं हरत नव्हता, कोसळत होता. समोरच्यानं दहा-बारा गुणांची आघाडी घेतली की यांचं मागे धावून येणं थांबायचं, बचावात एकमेकांना हाक देणं थांबायचं. मी स्वतः खेळलेय म्हणून सांगते, खांदे पडलेले लांबूनही दिसतात.

६ फेब्रुवारीला पहाटे साडेचारला उठले. ड्यूक आमच्या कोर्टावर, चॅपल हिलला. ६७-८७. शेवटची दहा मिनिटं मी आवाज बंद करून पाहिली. नंतर चहा ठेवला, बाबांनी टीव्ही लावला आणि थोड्याच वेळात लताबाई गेल्याची बातमी आली. त्या दिवशी मग मॅचचा विषयच राहिला नाही. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या दिशेनं माणसं चालत निघालेली आम्ही गच्चीवरून पाहत होतो. बाबा काहीच बोलत नव्हते. आजही त्या मोसमातला तो स्कोअर कुठे दिसला की मला आधी ती संध्याकाळ आठवते.

आता मुख्य गोष्ट. डॉसन गार्सिया नावाचा उंच खेळाडू जानेवारीत घरच्या आजारपणामुळे घरी गेला आणि त्या मोसमात परतला नाही. त्यामुळे ओक्लाहोमाहून शेवटच्या वर्षासाठी आलेला, आधी बऱ्याचदा बेंचवरून उतरणारा ब्रेडी मॅनेक कायमचा पहिल्या पाचात आला. लांब दाढी, सहा फूट नऊ इंच उंची आणि तिनाच्या रेषेबाहेरून, म्हणजे जिथून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात तिथून, निर्धास्त फटका. बाकी चौघे ठरलेले होते: गार्ड कॅलेब लव्ह आणि आर. जे. डेव्हिस (प्रशिक्षकांशी नातं नाही, आडनाव तेवढं सारखं), समोरच्याच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला बांधून ठेवणारा लीकी ब्लॅक, आणि आत अरमांडो बेकॉट. पुढे लोक यांना आयर्न फाइव्ह म्हणायला लागले, कारण या पाचांना जवळजवळ विश्रांतीच मिळत नसे.

मॅनेकनं नेमकं काय बदललं ते मला बाबांनी दाखवलं. बाबा कबड्डीवाले. लालबाग-परळच्या मैदानांवर वाढलेले, बास्केटबॉलचे नियम त्यांना आजही अर्धेच ठाऊक. माझ्याबरोबर एक मॅच पाहताना म्हणाले, "अगं, तो दाढीवाला नुसता कडेला उभा आहे, पण त्याच्यासमोरचा उंच गडी त्याला सोडून आत जात नाहीये. आमच्या मंडळात डावा कोपरा असाच होता. पकडी फार नसायच्या त्याच्या नावावर. पण चढाईवाल्याचं अर्धं लक्ष कायम त्याच्याकडे."

अगदी हेच. मॅनेक रेषेबाहेर उभा असेल तर समोरच्या उंच खेळाडूला बास्केट सोडून तिथवर यावं लागतं. मग आत बेकॉटला एकालाच तोंड द्यावं लागतं, आणि एकट्या माणसाला बेकॉट आवरत नसे. त्या मोसमात त्यानं ३१ वेळा गुण आणि रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले बॉल) दोन्ही दहा किंवा त्याहून वर नेले आणि डेव्हिड रॉबिन्सनच्या विक्रमाशी बरोबरी केली. लव्ह आणि आर. जे. यांना ड्रिबल करत आत घुसायला वाट मिळाली तीही त्यामुळेच. मॅनेकला बॉल मिळो न मिळो, त्याच्या उभं राहण्यानं कोर्ट रुंद व्हायचा.

पण हे लगेच झालं नाही. १६ फेब्रुवारीला पिट्सबर्गसारख्या कमकुवत संघानं चॅपल हिलला येऊन ७६-६७ नं हरवलं. तुमच्या प्रश्नातला तो घरचा पराभव बहुतेक हाच. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मुख्य स्पर्धेत जागाही मिळणार नाही असं बोललं जाऊ लागलं. त्यानंतर मात्र नियमित मोसमातले उरलेले पाचही सामने जिंकले, आणि त्यातला पाचवा होता ५ मार्चचा, ड्यूकच्या कोर्टावर. कोच के म्हणून ओळखले जाणारे ड्यूकचे निवृत्त होणारे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना, त्यांचे जुने खेळाडू ओळीनं बसलेले, सगळा समारंभ तयार. आपल्याकडे रविवारची पहाट. ९४-८१ नं आम्ही जिंकलो. बेकॉट २३, लव्ह २२, आर. जे. २१, मॅनेक २०. हे चार आकडे शेजारी शेजारी ठेवा. कुणा एकाचा दिवस लागला नव्हता, रचना लागली होती. मी घरात ओरडले, आणि शेजारच्या काकूंनी काळजीनं बेल वाजवली.

मार्चच्या त्या मुख्य स्पर्धेत तेव्हा ६८ संघ होते आणि हरलं की घरी. चार विभागांत एक ते सोळा अशी मानांकनं. आमचं आठवं. पहिल्या फेरीत मार्केट विद्यापीठाला ९५-६३ नं उडवलं. मग बेलर, गतविजेते आणि विभागातले अव्वल. नशिबाचा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हीच मॅच बघायला सांगते. दहाएक मिनिटं बाकी असताना आम्ही ६७-४२ असे, म्हणजे २५ गुणांनी पुढे होतो. तिथे मॅनेकला कोपर लागल्याच्या फाउलवर बाहेर काढलं. पुढे लव्हही पाच फाउल होऊन बाहेर गेला. बेलरनं पूर्ण कोर्टभर दबाव टाकला आणि ती सगळी आघाडी गेली, ८०-८० झालं. एक माणूस काढल्यावर त्या संघाचं काय होतं हे त्या दहा मिनिटांत उघडं पडलं. तरी जादा वेळेत ९३-८६ नं जिंकले, आर. जे. डेव्हिसचे ३० गुण. डिसेंबरमधला संघ असता तर ८०-८० वरच संपला असता. खांदे पडायचे थांबले होते. हे मला त्या विजयाहून मोठं वाटतं.

मग यूसीएलएविरुद्ध लव्हचे ३० गुण, त्यातले २७ दुसऱ्या अर्ध्यात. सेंट पीटर्सविरुद्ध बेकॉटचे २२ रिबाउंड. आणि उपांत्य फेरीत पुन्हा ड्यूक, या स्पर्धेच्या इतिहासात दोघं पहिल्यांदाच समोरासमोर.

त्या वर्षी पाडवा २ एप्रिलला होता. दोन वर्षांनी निर्बंध उठले होते, गिरगावची शोभायात्रा पुन्हा निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सव्वासहाला मॅच सुरू झाली. आई, बाबा, मी, तिघंही टीव्हीसमोर. शेवटच्या अर्ध्या मिनिटात लव्हनं तिनाचा फटका टाकला, ८१-७७ नं सामना आमचा झाला आणि शशेफ्स्की यांची कारकीर्द तिथे संपली. या फटक्यात नशीब होतं, हे मी मानते. तो हुकला असता तर मी आज वेगळं उत्तर लिहिलं असतं. आईनं त्या सकाळी उरलेलं श्रीखंड नाश्त्यालाच वाढलं. पण बेकॉटचा घोटा मुरगळला होता, आणि बाबांचं लक्ष तिथेच होतं.

फायनल मंगळवारी, कॅन्ससविरुद्ध. मध्यंतराला ४०-२५ नं पुढे. मी आनंदात डबा भरून निघाले, प्रभादेवीहून चर्चगेट स्लो पकडली, लेडीज डब्यात दाराजवळ उभी राहून मोबाइलवर बघत राहिले. ग्रँट रोडच्या आसपास ५०-५० झालं. दहाच मिनिटांत सगळी आघाडी गेली. चर्चगेटला उतरले आणि ऑफिसकडे न जाता इंडिकेटरखाली उभी राहिले. दीडेक मिनिट असताना मॅनेकनं आम्हाला ६९-६८ नं पुढे आणलं. मग कॅन्ससचा मॅककॉर्मॅक दोनदा आत घुसला. त्या दोन बास्केटच्या मध्ये, चाळीसेक सेकंद असताना, तोच घोटा घेऊन खेळणारा बेकॉट पडला आणि लंगडत बाहेर गेला. ७२-६९. फायनलमधलं सर्वांत मोठं पुनरागमन, १६ गुणांची पिछाडी भरून काढलेलं. लव्हचे २४ पैकी फक्त पाच फटके आत गेले होते.

लोक लव्हला बोल लावतात. मला ते पटत नाही. पाच माणसांवर महिनाभर संघ ओढला की शेवटी पाय बोलतात. फटका आखूड पडायला लागला की समजावं, गुडघ्यातला जोर संपलाय. ज्या रचनेनं वर आणलं तिचीच ती किंमत होती आणि डेव्हिस यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता.

पुढच्या वर्षीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे माझं म्हणणं पुन्हा तपासून पाहता येतं. पाचांपैकी चौघे परत आले. गेला तो मॅनेक. मोसमाआधीच्या क्रमवारीत संघ पहिला होता. २० विजय, १३ पराभव, आणि मुख्य स्पर्धेत जागाच नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून मोसमाआधी पहिल्या असलेल्या संघावर ही पाळी प्रथमच आली. तिनाच्या फटक्यांची टक्केवारी ३६ च्या आसपास होती ती ३१ च्या आसपास आली. समोरचे उंच खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसले आणि बेकॉटभोवती कायम दोघं-तिघं. बाबा तर नोव्हेंबरमध्येच म्हणाले होते, "कोपरा गेला तुमचा."

तुम्ही नुकतेच बघायला लागला आहात, तर ५ मार्चची ड्यूकची मॅच आधी बघा आणि मग १६ फेब्रुवारीची पिट्सबर्गची. बॉल कुणाकडे आहे ते पाहू नका. मॅनेक कुठे उभा आहे आणि त्याच्यासमोरचा माणूस त्याला सोडून आत जातोय का, तेवढंच बघा.