बालगृह सोडण्याआधीचे पाच महिने

पत्र : मी नाशिक जिल्ह्यातल्या एका बालगृहात सातवीपासून राहतो. आई-वडील दोघंही नाहीत. येत्या 1 जूनला मला 18 पूर्ण होतील आणि त्यानंतर संस्थेत ठेवता येत नाही, असं अधीक्षक सर म्हणतात. फेब्रुवारीत बारावी कला शाखेची परीक्षा आहे. दहावीला 61 टक्के होते. मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. पण आमच्यातलाच एक दादा चाकणला कंत्राटदाराकडे कामाला आहे. तो म्हणतो, लगेच ये, पंधरा हजार पगार, खोली फुकट. दोन वर्षं शिकत बसलो तर खाणार काय आणि राहणार कुठे?

उत्तर :

आयटीआयच कर. दादा खोटं बोलत नाही, पण ती फुकटची खोली कंत्राटदाराची आहे. काम सुटलं, हाताला लागलं, मुकादमाशी वाजलं, की त्याच संध्याकाळी बॅग उचलून रस्त्यावर. परत जायला घर असलेल्या पोराला हे परवडतं. तू सध्या तरी छप्पर आणि रोजगार एकाच माणसाच्या हातात देऊ नकोस.

सरांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. बालगृहात 18 नंतर राहता येत नाही, हे बरोबर. पण बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे 18 नंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती 21 वर्षांपर्यंत मिळते, अपवाद म्हणून 23 पर्यंत. तुझी आयटीआयची दोन वर्षं त्यात आरामात बसतात. राहण्यासाठी अनुरक्षण गृह मागता येतं. बाहेर राहून शिकणार असशील तर मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून दरमहा 4,000 रुपयांची मदत आहे.

यातलं काहीही आपोआप होत नाही. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी तुझी पुढची योजना बाल कल्याण समितीपुढे (मुलांना संस्थेत दाखल करण्याचा आदेश हीच देते) जायला हवी, असं नियम सांगतो. तुझ्या बाबतीत म्हणजे मार्चअखेर. 'परीक्षा होऊ दे, मग बघू' इथेच बहुतेकांची गाडी चुकते. म्हणून बारावीच्या पेपरांआधीच एका पानाचा अर्ज कर. समितीच्या अध्यक्षांच्या नावे, अधीक्षकांमार्फत, आणि एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. त्यात जन्मतारीख, समितीच्या दाखल आदेशाचा क्रमांक, कोणता ट्रेड, कोणत्या गावचा आयटीआय आणि राहण्याची सोय काय हवी, एवढं लिही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घे. तोंडी सांगितलेलं फायलीला लागत नाही.

दुसरं काम अनाथ प्रमाणपत्राचं. महाराष्ट्रात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण आहे. 6 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयात त्याचे संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन वर्ग आहेत. तू पहिल्यात येतोस. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो, प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. घोडं अडतं ते मृत्यूच्या दाखल्यावर. बऱ्याच मुलांच्या फायलीत आईचा दाखला असतो, वडिलांचा नसतो, कारण ते गावाबाहेर कामावर वारलेले असतात आणि नोंद कुणी केलेलीच नसते. वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद करायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि त्यात महिने जातात. त्यामुळे या आठवड्यातच सरांना तुझी फाइल उघडून दोन्ही दाखले दाखवायला सांग. प्रमाणपत्र वेळेत हातात नसेल, तर प्रवेश अर्जात 'अनाथ' रकान्यावर केलेली खूण तपासणीत टिकत नाही.

आता एक बारीक गोष्ट. तुझ्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? संस्थेतल्या मुलांच्या आधारला बहुधा अधीक्षकांचा असतो, नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या समाजसेविकेचा. मग तू सायबर कॅफेत बसलेला आणि ओटीपी भलत्याच फोनवर! 18 आधी तुझ्या नावावर सिम मिळणार नाही. तेव्हा सध्या हमखास फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर आधार केंद्रावर जाऊन जोडून घे, आणि जूनमध्ये सिम घेतलंस की बदल. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे नव्याने दिले नसशील तर तेही त्याच फेरीत. बँकेचंही तसंच. अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं 18 नंतर नवी केवायसी आणि तुझी सही दिल्याशिवाय चालत नाही. मदतीचे पैसे त्याच खात्यात यायचेत.

आयटीआयचं तसं सोपं आहे. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, त्यामुळे कला शाखेने काही बिघडत नाही. दहावीला विज्ञान आणि गणित हवं. अर्ज ऑनलाइन असतो. पहिला विकल्प मात्र विचार करून भर, कारण तोच मिळाला आणि तू गेला नाहीस, तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. सरकारी आयटीआय निवड आणि वसतिगृह असलेला बघ, मग तो घरापासून, म्हणजे तुझ्या संस्थेपासून, लांब असला तरी चालेल. हजेरी 80 टक्के लागते. रात्रपाळी करून सकाळी वर्कशॉपला जाईन, हा बेत डोक्यातून काढ. पेंगुळलेल्या हाताने पॅनेल उघडायचं नसतं. रविवारी एखाद्या वायरिंगवाल्याच्या हाताखाली जा. चार पैसेही मिळतील आणि पाइप वाकवायला वर्गापेक्षा लवकर शिकशील.

दोन वर्षांनी महावितरणच्या भरतीत वीजतंत्रीचं, म्हणजे इलेक्ट्रिशियनचं, प्रमाणपत्र चालतं. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

पैशांचं स्पष्ट सांगायचं तर 4,000 मधले निम्म्याहून जास्त मेसच खाईल, आणि ही रक्कम दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येईल असं धरू नकोस. पहिले तीन महिने ती आलीच नाही तर काय, याची तजवीज आधी कर. संस्थेला देणगीदार असतात. सरांना सांग, वाढदिवसाच्या जेवणावळीऐवजी एकाने तुझे सेफ्टी बूट आणि हत्यारं घ्यावीत, दुसऱ्याने तीन महिन्यांची मेस भरावी. वस्तू आणि आकडा नेमका सांगितला की लोक देतात.

वसतिगृह मिळालं नाही आणि खोली घ्यावी लागली तर पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. आणि निघण्याआधी महिनाभर संस्थेच्या मावशींजवळ स्वयंपाकघरात उभा राहा. साठ जणांच्या पातेल्यातून वाढून घ्यायची सवय असलेल्या मुलाला एकट्यापुरता भात किती लावायचा हे खरंच माहीत नसतं. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, दोन वेळचं होतं.