बायपास आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन एकाच वेळी करता येतं का?

येतं. आमच्या अण्णांचं केलंय. तुमच्या वडिलांना बायपास सांगितली, त्याच तपासण्यांत फुफ्फुसात गाठ निघाली आणि आता नातेवाईक म्हणताहेत "एका वेळी एकच करा". नातेवाईकांचं वाचलं आणि मला राहवलं नाही.

अण्णांची इस्लामपूरला पिठाची गिरणी. बिडी तरुणपणापासून. छातीत दुखतं म्हणून अँजिओग्राफी केली तर डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा, आणि सीटीत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ. बायोप्सीत कॅन्सर आला. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नव्हतं, हे नशीब. त्या दिवसापासून आमचे दाजी कार्डिओलॉजिस्ट झाले. म्हणे, स्टेंट टाकून मोकळे व्हा, कॅन्सरचं नंतर बघू. वर, गाठीला सुरी लावू नका, हवा लागली की पसरतो!

हवा लागून कॅन्सर पसरत नाही. पण त्याहून घातक ते स्टेंटचं खूळ. नवा स्टेंट टाकला की ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तसलं रक्त पातळ करणारं दुसरं औषध काही महिने घ्यावं लागतं. मध्येच बंद केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती, चालू ठेवून फुफ्फुस कापलं तर रक्तस्रावाची. तोवर गाठ काय दाजींच्या परवानगीसाठी थांबणार होती?

पुण्यात हृदयाचे आणि छातीचे सर्जन एकत्र बसले, तेव्हा कुठे तिढा सुटला. छातीचं मधलं हाड उघडून, हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनभर हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) न लावता, धडधडत्या हृदयावरच बायपास केली. मशीन लावलं की हेपारिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, डोस मोठा लागतो, शिवाय त्याचा ताण फुफ्फुसांवरही येतो. ग्राफ्ट, म्हणजे बायपासच्या नव्या रक्तवाहिन्या, जोडून झाल्यावर प्रोटामिननं हेपारिनचा असर उतरवला आणि त्याच चिरेतून फुफ्फुसाचा वरचा लोब (भाग) व लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) काढले. आधी हृदयाचा रक्तपुरवठा, मग फुफ्फुस, असा क्रम.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. फुफ्फुसातून हवा गळत राहिली म्हणून छातीतली नळी लांबली, मध्ये ठोकेही बिघडले. आयसीयूबाहेर दाजींचं "मी सांगत होतो" सुरूच. अहो, यातलं काहीही एकेकट्या ऑपरेशननंतरही होतं! दोन वेळा केलं असतं तर भूल दोनदा, आयसीयू दोनदा, आणि मधले चार-सहा आठवडे गाठ आतच. अण्णा आता गिरणीत बसतात, फक्त पोती उचलत नाहीत. बिडी सुटली.

तुम्ही गाठ कुठल्या बाजूला आहे ते लिहिलंच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. उजवा वरचा लोब मधल्या चिरेतून नीट हाताशी येतो. डावा खालचा लोब हृदयाच्या मागे दडलेला असतो. नुकतेच ग्राफ्ट जोडलेलं हृदय बाजूला सारून तिथे पोचणं जिकिरीचं. अशा वेळी दोन टप्पे करा म्हणणारा सर्जन भित्रा नसतो. छातीच्या मधल्या लिम्फ नोडमध्ये कॅन्सर पोचला असेल, पीएफटी (फुफ्फुसांची ताकद मोजणारी तपासणी) वाईट असेल किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असेल, तरी एकत्र करण्याचा हट्ट धरू नका. आणि अडथळे किरकोळ असतील तर बायपास खरंच लागते का, हेही विचारा. कधीकधी औषधांवर हृदय सांभाळून फक्त गाठ काढता येते.

दोन्ही सर्जन एकाच हॉस्पिटलात असतील तरच पुढचं बोला. तिथे घरातल्या दाजींनाही घेऊन जा. बाहेर बसवलं तर जास्त त्रास देतात.