वाचकांचे प्रश्न : चैत्रातले हळदीकुंकू, व्याख्याने आणि अंगणातला गुलमोहर

प्रश्न : कोथरूडमधली आमची २४ बिऱ्हाडांची जुनी सोसायटी पाडून तिच्या जागी आता ७२ सदनिकांची इमारत उभी राहिली आहे. पूर्वी चैत्रगौरीचे सामुदायिक हळदीकुंकू अंगणात होई आणि प्रत्येक घरातून कोणी ना कोणी येई. गेल्या वर्षी व्हॉट्सॲपच्या गटावर निमंत्रण टाकले, तर जेमतेम ११ जणी आल्या, त्याही सगळ्या जुन्याच. पातेलेभर डाळ उरली. नव्या मंडळींना यात रस नाही असे समजून कार्यक्रम बंद करावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, बंद करण्याचा विचार कृपया मनातून काढून टाका. ज्या कुटुंबांना चैत्रगौर म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यांना गटावरच्या एका ओळीतून आपल्याला कोणी आपुलकीने बोलावले आहे असे वाटणे कठीणच. हळदीकुंकवाचे आमंत्रण उंबऱ्यावर जाऊन करायचे असते. लहानपणी आम्ही दोघी बहिणी हातात कुंकवाचा करंडा घेऊन वाड्यातल्या प्रत्येक दारी जात असू आणि एखादे घर राहिले असे आईच्या लक्षात आले, की ती आम्हाला जिन्यावरून पुन्हा वर पिटाळत असे. आपल्याकडे ७२ दारे आहेत. दोघीदोघींनी मजले वाटून घेतले, तर दोन संध्याकाळींत सगळी दारे होतील आणि त्या निमित्ताने आतली माणसेही माहीत होतील.

तारखेची अडचण तर मुळीच नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत कोणत्याही सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करता येते. २०२६ मध्ये हा काळ शनिवार, २१ मार्च ते रविवार, १९ एप्रिल असा आहे. मुलांच्या परीक्षा आणि नोकरीच्या वेळा पाहून एखादा रविवार ठरवावा, संध्याकाळी पाच ते आठ अशी ऐसपैस वेळ ठेवावी आणि तारीख निदान १५ दिवस आधी कळवावी.

नव्या शेजाऱ्यांना केवळ पाहुण्या म्हणून बोलावू नका, त्यांना काही करायलाही द्या. पाडव्याच्याच दिवशी कन्नड आणि तेलुगू घरांत उगादी असते. आपण कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातो, तसेच कन्नड घरांत ‘बेवू-बेल्ला’ म्हणून कडुनिंब आणि गूळ देतात. त्याच सुमारास सिंधी मंडळींचा चेटीचंड येतो आणि एप्रिलच्या मध्यावर तमिळ, मल्याळी व बंगाली कुटुंबांचे नववर्ष किंवा विशू असतो. यांतल्या कोणा एकीला ‘तुमच्याकडे या दिवसांत काय करतात ते सांगा आणि जमल्यास एखादा पदार्थ आणा’ असे विचारले, तर ती नक्की येईल आणि शेजारणीलाही घेऊन येईल, असा माझा अनुभव आहे. चैत्रांगणाची रांगोळी काढायला मुलांना आणि पुरुषांनाही बसवावे. झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, कासव, नाग, तुळस अशी चिन्हे काढताना प्रत्येकाचे एक चिन्ह ठरवून दिले, तर कोपऱ्यात कासव काढणाऱ्या मुलाची आई ते पाहायला खाली उतरतेच.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी मला ती लिहिलीच पाहिजे. निमंत्रणात ‘सवाष्णींनी’ असा शब्द असेल तर तो काढून टाकावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एक गाव हे करू शकले, तर आपल्या सोसायटीत पती गमावलेल्या बाईला दाराआड बसून खालचा गलबला ऐकावा लागू नये. तिला आमंत्रण द्यायला सर्वांत ज्येष्ठ बाईने स्वतः जावे आणि ओटी, डाळ, पन्हे सर्व काही इतरांसारखेच तिच्या हाती द्यावे.

राहता राहिली उरलेली डाळ. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटून ठेवावी. किसलेली कैरी, ओले खोबरे आणि मोहरी-हिंगाची फोडणी मात्र माणसे येतील तसतशी थोड्या थोड्या डाळीत घालावी. एप्रिलच्या उकाड्यात सगळी डाळ दुपारीच कालवून ठेवली, तर संध्याकाळपर्यंत ती आंबते.

प्रश्न : आमच्या वसाहतीत एप्रिलमध्ये तीन दिवसांची व्याख्यानमाला असते. साडेआठला सुरू झालेले व्याख्यान पावणेअकरापर्यंत लांबते. ध्वनिक्षेपकाबद्दल एका रहिवाशाने तक्रार केली, तेव्हा ‘चांगल्या कामात विघ्न आणतात’ असे त्यांना ऐकवण्यात आले. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रहिवाशाचे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासनाने जाहीर केलेल्या ठरावीक दिवसांपुरतीच असते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि दिवसाही ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी ऐकावे आणि विचार करावा यासाठी. आपण त्याच वाटेने चालत आहात याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच तक्रार करणाऱ्या गृहस्थांची समितीने घरी जाऊन क्षमा मागावी असे मला वाटते. व्याख्यान साडेसहाला सुरू करून प्रश्नोत्तरांसह साडेआठला संपवावे. ज्येष्ठांनाही तीच वेळ सोयीची पडते.

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी अंगणातल्या गुलमोहराच्या फांद्या तोडणार, अशी सूचना फलकावर लागली आहे. त्यावर कावळ्याचे घरटे आहे. आम्ही काय करू शकतो?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : आधी सचिवांना महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी दाखवायला सांग. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्यामुळे झाड सोसायटीच्या आवारात असले तरी सोसायटीला ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. वाळलेल्या किंवा रस्त्यावर झुकलेल्या फांद्या काढणे गरजेचे असू शकते. तेवढे मान्य करून घरट्याच्या फांदीपुरता विलंब लेखी माग. वसंतात कोकीळ आपली अंडी कावळ्याच्याच घरट्यात घालते, हेही अर्जात लिही. पिल्ले उडून गेली की ती फांदी काढता येईल.