मानेचे मणके एकमेकांना कसे जोडलेले असतात, आणि अहवालातील ‘अनकोव्हर्टिब्रल बदल’ म्हणजे काय?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. मानेचे मणके नेमके कशाने जोडलेले असतात. एक्स-रेच्या अहवालात ‘सी ५ व सी ६ मधील जागा कमी झाली असून अनकोव्हर्टिब्रल सांध्यांत बदल दिसतात’ असे लिहिले आहे त्याचा अर्थ काय. आणि मान वळवताना होणारा कटकट आवाज जावा म्हणून सलूनमध्ये मान मोडून घेतली तर चालेल का. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, त्यामुळे उपचार सुचवणे माझ्या अधिकारात बसत नाही. मात्र तिन्ही प्रश्नांची उत्तरे मानेच्या रचनेतच आहेत, म्हणून ती रचना थोडी सविस्तर मांडतो.

मानेत सात मणके असतात आणि ते वरून खाली सी १ ते सी ७ असे मोजले जातात. (जिराफाच्या मानेतही सातच असतात, सस्तन प्राण्यांत स्लॉथ आणि मॅनेटी एवढेच या नियमाला अपवाद आहेत.) मानेचा मणका पाठीच्या किंवा कमरेच्या मणक्यातून वेगळा काढायचा असेल तर एकच खूण पुरेशी असते. त्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या आडव्या प्रवर्धांत एकेक भोक असते, आणि असे भोक कण्याच्या इतर कोणत्याही भागातील मणक्याला नसते. सी ६ पासून वर सी १ पर्यंतच्या भोकांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी व्हर्टिब्रल धमनी जाते. सी ७ च्या भोकातून ती बहुधा जात नाही, तिथून फक्त लहान शिरा जातात. या धमनीचा उल्लेख शेवटी पुन्हा येणार आहे.

मान म्हणजे सात सारख्या मण्यांची माळ, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो. प्रत्यक्षात मानेत दोन वेगवेगळ्या यंत्रणा एकावर एक बसवलेल्या आहेत. वरची यंत्रणा कवटी, सी १ आणि सी २ यांची. तिच्यात गादी नाही, आणि ती जवळजवळ सर्वस्वी अस्थिबंधांच्या, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या, भरवशावर चालते. खालची यंत्रणा सी २ च्या खालच्या पृष्ठभागापासून छातीच्या पहिल्या मणक्यापर्यंतची. तिच्यात प्रत्येक दोन मणक्यांमध्ये गादी आणि तिच्या जोडीला लहान सांधे असतात. वरच्या यंत्रणेचे आजार आणि खालच्या यंत्रणेचे आजार यांत फारसे साम्य नसते. आपल्या अहवालातील नोंद खालच्या यंत्रणेतील आहे, आणि ही दिलाशाची बाब आहे.

आधी वरची यंत्रणा पाहू. सी १ ला ॲटलास म्हणतात. मणका म्हटला की पुढे जो जाड, दंडगोलाकार भाग अपेक्षित असतो, तो या मणक्याला नसतोच; मागे काटाही नसतो. ते एक कडे आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागांवर वरून खोलगट झालेले दोन पृष्ठभाग आहेत. कवटीच्या तळाशी असलेले दोन उंचवटे या खोलगट भागांत बसतात. हा सांधा प्रामुख्याने एकच काम करतो: होकार देताना डोके पुढेमागे हलवणे. या सांध्यात डावीकडे-उजवीकडे वळणे जवळजवळ होतच नाही, त्यामुळे मान वळवताना कवटी आणि ॲटलास एकत्रच फिरतात.

फिरण्याचे काम त्याच्या खालच्या सांध्यात होते. सी २, म्हणजे ॲक्सिस, या मणक्यातून वरच्या दिशेने एक हाडाची खुंटी निघते. तिला डेन्स म्हणतात. भ्रूणावस्थेच्या दृष्टीने पाहिले तर ही खुंटी मूळची ॲटलासचीच: ॲटलासला जो मुख्य भाग नाही, तो वाढीच्या काळात खालच्या मणक्याला जोडला जाऊन डेन्स बनतो. जात्याच्या खालच्या दगडातील खिळीभोवती वरचा दगड फिरावा तसा ॲटलास या खुंटीभोवती फिरतो. फरक इतकाच की ही खुंटी मध्यभागी नसून कड्याच्या पुढच्या कमानीला लागून असते, आणि ती तिथेच राहावी म्हणून तिच्या मागून एक मजबूत आडवा अस्थिबंध ॲटलासच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ताणलेला असतो. पुढे हाडाची कमान, मागे अस्थिबंध, मध्ये डेन्स, आणि अस्थिबंधाच्या लगेच मागे मज्जारज्जू. मान पूर्ण वळवली असता प्रौढ माणसाचे डोके एका बाजूला साधारण ८० अंश वळते, आणि त्यातील जवळजवळ निम्मे वळण केवळ सी १ आणि सी २ यांच्यामधील या सांध्यात होते. उरलेले निम्मे खालच्या सगळ्या सांध्यांत मिळून वाटले जाते.

एवढी मोकळीक एका जोडीला देण्यासाठी शरीराने बरेच काही सोडून दिले आहे. तिथे गादी नाही. दोन्ही बाजूंच्या सांध्यांतील समोरासमोरचे कूर्चेचे (हाडांवरील गुळगुळीत आवरणाचे) पृष्ठभाग एकमेकांत घट्ट बसणारे नसून दोन्ही किंचित फुगीर आहेत, त्यामुळे ते सहज सरकतात आणि पूर्ण वळताना ॲटलास अगदी थोडासा खालीही उतरतो. डेन्सच्या टोकाकडून कवटीकडे तिरके जाणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांना ॲलर अस्थिबंध म्हणतात, आणि वळण ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ नये हे काम मुख्यतः त्यांचे. म्हणजे हाडांनी जे करायचे ते इथे दोऱ्यांवर सोपवलेले आहे. ॲटलासच्या पातळीवर मज्जारज्जूची नळी मात्र प्रशस्त असते: ढोबळ हिशेबाने एक तृतीयांश जागा डेन्स व्यापतो, एक तृतीयांश मज्जारज्जू, आणि एक तृतीयांश मोकळी राहते. हा मोकळा भाग हीच काय ती सवलत. आडवा अस्थिबंध ढिला झाला किंवा तुटला की डेन्स मागे सरकतो आणि ती सवलत संपते. एक्स-रेवर ॲटलासची पुढची कमान आणि डेन्स यांच्यातील अंतर मोजतात. प्रौढांत ते सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा आणि मुलांत सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये. संधिवाताच्या एका प्रकारात, ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींत या ठिकाणी सैलपणा येऊ शकतो, म्हणून त्यांना भूल देण्यापूर्वी डॉक्टर मानेची विशेष चौकशी करतात.

याच जोडीच्या शस्त्रक्रियेत मुंबईचे नाव जगभर घेतले जाते. के. ई. एम. रुग्णालयातील न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी सी १ आणि सी २ यांच्या बाजूच्या भागांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत विकसित केली आणि १९९४ मध्ये ती सहकाऱ्यासह शोधनिबंधातून मांडली. पुढे जर्मनीतील युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी सळई वापरणारे तिचे रूप मांडले, आणि आज दोघांच्या नावांनी ती पद्धत ओळखली जाते. ज्या ठिकाणी बोटभर अंतरात मज्जारज्जू, धमनी आणि चेतामूळ (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेचे मूळ) तिन्ही आहेत, तिथे स्क्रूची दिशा ठरवण्यासाठी रचनेचे ज्ञान किती सूक्ष्म असावे लागते, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता आपल्या अहवालाकडे, म्हणजे खालच्या यंत्रणेकडे वळतो. सी २ पासून खाली दोन मणक्यांच्या मुख्य भागांमध्ये गादी असते. तिच्या बाहेर तंतूंचे थर आणि आत मऊ गाभा असतो, पण मानेतील गादीचा गाभा तरुण वयातच बराच तंतुमय होऊ लागतो. या गाद्या पुढच्या बाजूला थोड्या जाड असतात, आणि मानेला पुढे जो नैसर्गिक बाक असतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मागच्या बाजूला प्रत्येक पातळीवर दोन फॅसेट सांधे असतात, एक डावा आणि एक उजवा. हे संधिद्रव, म्हणजे सांध्यातील वंगणासारखा द्रव, असलेले खरे सांधे आहेत आणि त्यांचे पृष्ठभाग आडव्या पातळीशी साधारण ४५ अंशांचा कोन करतात. या तिरकेपणामुळे मान नुसती एका खांद्याकडे झुकवता येत नाही. झुकताना मणके त्याच बाजूला थोडे वळतातही. वरची यंत्रणा उलट दिशेने वळून हे वळण भरून काढते, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही.

अनकोव्हर्टिब्रल सांधे गादीच्या दोन्ही कडांना असतात. सी ३ ते सी ७ या मणक्यांच्या वरच्या पृष्ठभागाच्या दोन्ही बाजू वर उचललेल्या असतात, आणि त्या उचललेल्या कडा वरच्या मणक्याच्या खालच्या कडांना जिथे भिडतात, तिथे हे लहान सांधे मानले जातात. १९ व्या शतकातील जर्मन शरीररचनाकार ह्युबर्ट फॉन लुश्का यांच्यावरून त्यांना लुश्काचे सांधेही म्हणतात. ते खरे सांधे आहेत की गादीच्या कडेला वापराने पडलेल्या भेगा आहेत, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. नवजात बालकात ते दिसत नाहीत आणि त्या कडा बालपणात हळूहळू वाढतात. म्हणून मला दुसरे मत अधिक पटते. पण आपल्या दृष्टीने या वादापेक्षा त्यांची जागा महत्त्वाची आहे.

मज्जारज्जूतून निघालेली नस हातात जाण्यासाठी दोन मणक्यांमधील ज्या छिद्रातून बाहेर पडते, त्याची पुढची भिंत गादी आणि हाच अनकोव्हर्टिब्रल सांधा मिळून बनवतात, तर मागची भिंत फॅसेट सांधा बनवतो. वयानुसार गादीतील पाणी आणि उंची कमी झाली की वरचा मणका किंचित खाली बसतो, उचललेल्या कडांवर भार वाढतो, आणि त्या भारामुळे तिथे हाडाची लहान टोके वाढू लागतात. ‘जागा कमी झाली’ आणि ‘अनकोव्हर्टिब्रल बदल’ या दोन नोंदी म्हणजे एकाच घडामोडीच्या पुढच्या-मागच्या पायऱ्या आहेत. मणक्यांमध्ये फट पडली असा समज करून घेऊ नये. अंतर वाढलेले नसून घटलेले आहे. ही टोके फार वाढली तर ती पुढच्या भिंतीतून छिद्रात येऊन नस दाबू शकतात. सी ५ आणि सी ६ ही जोडी पुढेमागे सर्वाधिक वाकणाऱ्या जोड्यांपैकी असल्याने झीजही तिथे लवकर दिसते.

कोणती नस दबते हे ओळखताना एक मोजदाद लक्षात ठेवावी लागते. मणके सात असले तरी मानेतील नसांच्या जोड्या आठ आहेत. पहिली नस कवटी आणि ॲटलास यांच्यामधून निघते, त्यामुळे प्रत्येक नस आपल्याच क्रमांकाच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, आणि आठवी सी ७ च्या खालून. म्हणून सी ५ व सी ६ यांच्यामधील बिघाडाचा त्रास सहाव्या नसेला होतो, आणि मुंग्या किंवा बधिरपणा बहुधा अंगठ्याच्या बाजूला जाणवतो. त्याच्या खालच्या पातळीवर सातवी नस आणि मधले बोट. आपण हाताच्या कोणत्याही तक्रारीचा उल्लेख केलेला नाही. साठीच्या पुढे कसलाही त्रास नसलेल्या बहुसंख्य लोकांच्या एक्स-रेमध्येही असे बदल आढळतात, त्यामुळे केवळ अहवालातील शब्दांवरून आजार ठरत नाही. मात्र बोटांनी गुंडी लावणे अवघड होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा पाय जड वाटू लागले, तर ती मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात आणि तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन यांना विनाविलंब दाखवावे.

कटकट आवाजाचे बोलायचे तर, सांध्यातील पृष्ठभाग झटक्यात एकमेकांपासून दूर झाले की संधिद्रवातील दाब घटतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडताना येणारा आवाज याच प्रकारचा. स्नायूबंध हाडाच्या उंचवट्यावरून सरकल्यानेही आवाज येतो, आणि खडबडीत झालेल्या फॅसेट सांध्यातून बारीक करकर ऐकू येते. वेदना नसतील तर यांपैकी कोणत्याही आवाजासाठी काही करावे लागत नाही, आणि मान मोडून घेतल्याने झीज भरून येत नाही.

सलूनमध्ये मान मोडून घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याचे कारण ती व्हर्टिब्रल धमनी. सी १ च्या भोकातून वर आल्यावर ती सरळ कवटीत शिरत नाही. ॲटलासच्या मागच्या कमानीवरील खाचेतून मागे वळसा घेऊन मग आत जाते. मान वळवताना धमनीला ताण सोसता यावा म्हणून हा वळसा उपयोगी पडतो, पण तो नेहमीच्या, स्वतःच्या स्नायूंनी केलेल्या वळणापुरता. मान एका बाजूला वळवली की विरुद्ध बाजूची धमनी सी १ आणि सी २ यांच्यामध्ये ताणली जाते. दुसऱ्याने डोके धरून अचानक पिळले तर तिचे आतले अस्तर फाटून तिथे गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तोडू शकते. मानेला असा झटका दिल्यानंतर पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असे क्वचितच घडते. तरीही आपल्या अहवालात झीज सी ५ व सी ६ यांच्यामध्ये आहे, सलूनमधील झटका मात्र सर्वाधिक वळणाऱ्या सी १ व सी २ या जोडीवरही पडतो, जिथे आपल्याला काही त्रासच नाही.