दोन आसनांची गाडी आणि कंसातली एफडी

प्रश्न : माझे वय 43 असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझ्या एकट्याच्या मालकीचे सुट्या भागांचे वर्कशॉप आहे. कर भरून वर्षाला साधारण 42 लाख रुपये हाती राहतात. घरखर्च महिना 1 लाख 40 हजार, गृहकर्जाचा हप्ता 38 हजार आणि एसआयपी 80 हजार आहे. मुदत ठेवी 60 लाखांच्या आहेत (त्यांपैकी 25 लाखांच्या वर्कशॉपच्या कॅश क्रेडिट या खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी बँकेकडे तारण आहेत) आणि म्युच्युअल फंडात 85 लाख आहेत. मुलगी दहावीत आहे. अनेक वर्षांची इच्छा म्हणून 75 लाख एक्स-शोरूम किमतीची, आयात केलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार 2 लाख भरून बुक केली आहे. 50 लाख कर्ज, उरलेले एफडी मोडून, गाडी वर्कशॉपच्या नावावर आणि डिलिव्हरी दसऱ्याला, असा बेत आहे. पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) आणि सिरॅमिक कोटिंगचे डीलर 2 लाख 85 हजार अधिक जीएसटी सांगतो. हे सर्व करावे का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण कंसात लिहिली आहे. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण तारण असलेली एफडी ही कागदावर आपली असली तरी कॅश क्रेडिट चालू आहे तोवर ती मोडता येत नाही. म्हणजे आपल्या हातातील मुदत ठेवी 60 लाखांच्या नसून 35 लाखांच्या आहेत.

आता गाडीची खरी किंमत पाहू. महाराष्ट्रात खासगी व्यक्तीच्या 20 लाखांवरील पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर 13 टक्के असतो, पण आयात गाडीला तो 20 टक्के लागतो. आपल्या बाबतीत हा आकडा 15 लाख होतो. दहा लाखांवरील गाडी असल्यामुळे डीलर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर, वसूल करील. हे 75 हजार विवरणपत्र भरताना वजा मिळतात, तरी ते आज द्यावे लागतातच. डीलरच्या दरपत्रकातील विम्याचे 2 लाख 60 हजार आणि डिटेलिंगचे, म्हणजे फिल्म आणि कोटिंगचे, जीएसटीसह 3 लाख 36 हजार मिळवले की बेरीज 96 लाख 71 हजारांवर जाते. त्यातून कर्जाचे 50 लाख आणि बुकिंगचे 2 लाख वजा केले, तरी आपल्याला 44 लाख 71 हजार रोख उभे करायचे आहेत, आणि मोकळ्या एफडी आहेत 35 लाखांच्या. तूट पावणेदहा लाखांची. ती म्युच्युअल फंडातून भरायची म्हटल्यास इक्विटी फंडावरील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के कर लागेल, आणि सगळ्या मोकळ्या ठेवी संपलेल्या असताना मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाचे दिवस समोर असतील.

हप्त्याचेही तेच. 50 लाखांवर 9 टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता 1 लाख 3 हजार 800 रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज सव्वाबारा लाखांचे होते. महिन्याच्या साडेतीन लाखांतून घरखर्च, गृहकर्ज आणि हा हप्ता गेला की 68 हजार उरतात, म्हणजे एसआयपी आजच्या रकमेने चालू शकत नाही. शिवाय हे साडेतीन लाख पगाराचे नाहीत. लघुउद्योगाची देणी 45 दिवसांत चुकती करण्याचा कायदा आहे खरा, पण अंबड-सातपूरमध्ये ज्याने वर्कशॉप चालवले आहे त्याला मोठ्या गिऱ्हाइकाचा धनादेश कोणत्या दिवशी येतो हे मी सांगण्याची गरज नाही. अशा लांबलेल्या महिन्यांत आजवर मोकळ्या एफडी आपल्या पाठीशी उभ्या होत्या.

गाडी वर्कशॉपच्या नावावर घेण्याचा बेत कर वाचावा म्हणूनच असणार, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. गाडीवर वर्षाला 15 टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो, परंतु ती आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी निम्माच. यंदाचा दसरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येत असल्याने तिथून 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरत नाहीत. गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट आपल्यासारख्या व्यावसायिकाला मिळत नाही. आणि दोन आसनी स्पोर्ट्स कारने आपण पत्र्याचे सुटे भाग पोहोचवता किंवा गिऱ्हाइकांना कारखाना दाखवायला आणता, हे कर अधिकाऱ्याला पटवणे मला तरी जमले नसते. खासगी वापराच्या प्रमाणात घसारा नाकारला जाऊ शकतो. तेव्हा ही खरेदी शुद्ध हौस म्हणूनच तोलावी. हौसेला माझा आक्षेप नाही. ज्याने 20 वर्षे यंत्रांच्या आवाजात काढली, त्याला एक आवाज आपल्या आवडीचा हवासा वाटणे मला समजते.

माझे मत असे की या दसऱ्याला ही गाडी घेऊ नये. त्याऐवजी पुढच्या महिन्यापासून 1 लाख 4 हजार रुपये स्वतंत्र रिकरिंग खात्यात भरावेत, म्हणजे हप्त्याची रंगीत तालीमच. त्यासाठी एसआयपी 12 हजारांनी कमी करावी लागेल, तेवढे चालेल. अडीच वर्षांत व्याजासह 33 लाखांच्या आसपास जमतील. मोकळ्या 35 लाखांपैकी वर्षभराचा घरखर्च आणि गृहकर्जाचे हप्ते मिळून साधारण 21 लाख हात न लावता ठेवले, तर 14 लाख वापरता येतील, आणि कर्जाचे 50 लाख धरून आजच्या किमतीची गाडी त्यात बसते. तालमीच्या काळात एखादा महिना भरणा चुकला, तर कर्जाचा हप्ताही त्या महिन्यात चुकला असता असे समजावे. तोवर किमती वाढतील ही भीती रास्त आहे. मात्र आयात गाड्यांच्या बाबतीत उलटही होऊ शकते, कारण जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तिथल्या गाड्यांवरील आयात शुल्क ठरावीक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर आणायचे ठरले आहे.

थांबायचे नसेल, तर महाराष्ट्रातच नोंदणी झालेली दोन-तीन वर्षे वापरलेली हीच गाडी शोधावी. तिचा एकरकमी कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, आणि विम्याच्या तक्त्यातही दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या किमतीत 30 टक्के घट धरतात. दिल्लीची स्वस्त गाडी मात्र टाळावी. तिचा कर पेठ रोडच्या आरटीओत पुन्हा भरावा लागतो.

डिटेलिंगबद्दल आपण एका ओळीत विचारले आहे, पण तिथेही तीन लाखांचा प्रश्न आहे. पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती सुमारे 200 मायक्रॉन जाड असते आणि उडालेला खडा झेलते. सिरॅमिक कोटिंग हा काही मायक्रॉनचा थर. त्याने पाणी घसरते, पक्ष्यांची विष्ठा आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग सहज निघतात, परंतु खड्यापुढे तो काही करू शकत नाही. सध्या सिंहस्थाच्या कामांनी शहरातले रस्ते उखडलेले आहेत आणि कसारा घाटात डंपरच्या मागे अर्धा तास जातो. त्यामुळे बंपर, बोनेट, आरसे, दिवे आणि दारांखालच्या पट्टीवर फिल्म लावण्याचा खर्च मी मान्य करीन. छप्पर आणि डिकी झाकण्याचा नाही. चांगल्या फिल्मचा वरचा थर स्वतःच पाणी झटकतो, म्हणून तिच्यावर 45 हजारांचे सिरॅमिक हा माझ्या मते सर्वांत सहज कापता येणारा खर्च आहे. फिल्म प्लॉटर या कापणी यंत्रावर आधीच कापून लावणार की गाडीवर ब्लेड फिरवणार, आणि वॉरंटी कार्डावर रोलचा क्रमांक असतो का, हे दोन प्रश्न विचारूनच दर ठरवावा. फिल्मची नोंद विमा कंपनीकडे लेखी करून घ्यावी. एरवी बंपर बदलताना तिचे पैसे मिळण्याची खात्री नसते.

एकदा एका परिचिताबरोबर मी काळ्या गाडीच्या डिलिव्हरीला गेलो होतो. ज्या फडक्याने टायर पुसले, त्याच फडक्याने तिथल्या मुलाने बोनेट चमकवले, आणि बाहेर उन्हात आल्यावर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले. ते काढायला पॉलिश मारावे लागले, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे (क्लिअर कोटचे) काही मायक्रॉन गाडी घरी पोहोचण्याआधीच गेले. म्हणून कोणतीही नवी गाडी घेताना ‘धुऊ नये, पॉलिश करू नये’ असे डीलरला आधी लेखी द्यावे, रंग टॉर्चच्या प्रकाशात तपासावा, आणि कुंकवाचा स्वस्तिक बोनेटऐवजी काचेवर काढावा.

राहिले बुकिंगचे 2 लाख. बुकिंग फॉर्मच्या मागील बाजूस रद्द करण्याच्या अटी छापलेल्या असतात, त्या आज रात्रीच वाचाव्यात. आपल्या नावावर चॅसिस क्रमांक पडल्यानंतर डीलर पैसे परत करायला अधिक कुरकुर करतो, म्हणून रद्द करायचे ठरल्यास ईमेल आणि पोचपावतीसह पत्र याच आठवड्यात द्यावे.