पाचव्या गिअरमधी गाडी थरथरते, तरी अॅव्हरेज काऊन भेटत नाही?

प्रश्न: भाऊ, माझ्याकडं जुनी अल्टो 800 हाय. गाडी शिकलो तवापासून एकच डोक्यात बसलं का जेवढा वरचा गिअर तेवढं पेट्रोल कमी, म्हणून 35-40 ची स्पीड आली का मी पाचवा टाकून देतो. दारव्हा ते यवतमाळ नेहमीचं येणंजाणं हाय. पण चार जण बसले अन् एसी लावला का चढावर गाडी थरथरते, धडधड आवाज येते, अन् अॅव्हरेज बी म्हणावं तसं नाही. मेकॅनिक म्हणते इंजिन माउंटिंग गेलं, पण ते तर मागच्याच वर्षी बदललं होतं. – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारावर बसते तो) गेलं असंलच, पण ते कशानं गेलं हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. 35-40 च्या स्पीडला पाचवा, त्यात चार माणसं, एसी अन् वरून चढाव, म्हंजे इंजिन जेमतेम 1200-1300 आरपीएमवर (म्हंजे मिनिटाले तेवढ्या फेऱ्यांवर) फिरून राहिलं अन् तुम्ही अॅक्सिलेटर पार खाली दाबून त्याच्याकडून पूर्ण ताकद मागून राहिले. तेवढ्या फेऱ्यांत त्याच्याकडं ताकदच नसते तर ते देईन कुठून?

पंक्चर झाल्यावर चाकाचे नट खोलताना जाम बसलेला नट नुसत्या पान्यानं निघत नाही, मग आपण पान्याला पाइप लावतो. हात लांबवर फिरवावा लागते पण नट निघते. पहिला-दुसरा गिअर म्हंजे तो पाइप. लहान गाडीत पहिल्या गिअरला इंजिन साडेतीनच्या आसपास फेऱ्या मारते तेव्हा गिअरबॉक्समधून एक फेरी बाहेर निघते, अन् पाचव्यात इंजिनची एक फेरी पुरी व्हायच्या आधीच बाहेरची एक होऊन जाते. म्हंजे पाचव्यात तुम्ही पाइप काढून, उलट पाना बी आखूड करून, जाम नट खोलून राहिले.

अल्टो 800 चं इंजिन 796 सीसीचं, त्याचा सगळ्यात जास्त टॉर्क (फिरवायचा जोर) 69 न्यूटन मीटर, अन् तो भेटते 3500 आरपीएमला. पॉवर तर 6000 ला जाऊन पुरी होते. आता 1200 वर त्याला चढाव ओढायला लावला का प्रत्येक धक्का मोठा अन् सुटासुटा बसते, तो आधी माउंटिंगला जाते, मग क्लचला, गिअरबॉक्सला. पिस्टनवर दाब पूर्ण अन् फिरणं हळू, त्यात बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ पडते, अन् पेट्रोल इंजिन असं दाबलं का आतून टकटक बी करू लागते. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा 44-45 वर जाते तेव्हा ही टकटक लवकर येते. माझ्याकडं गाड्या येतात त्यात फाटलेलं माउंटिंग हातात घेतलं का रबर लोखंडापासून सुटून पार लोंबत असते, अन् गाडीवाला म्हणते मी तर कधी जोरात चालवतच नाही. जोरात चालवून नाही फाटलं भाऊ, हळू चालवून फाटलं, वरच्या गिअरात.

आता पेट्रोलचं. तुमचा नियम अर्धा बरोबर आहे अन् तो अर्धा मी खोडणार नाही. सपाट रोड, गाडीत एक-दोन माणसं, 55-60 ची स्पीड अन् पाय हलका असंल तर पाचवाच पाहिजे, तिथं तिसऱ्यात चालवणारा फुकट पेट्रोल जाळते. पण पाय पार खाली गेला का गाडीचा कॉम्प्युटर समजते का मालकाले पुरी ताकद पाहिजे अन् तो पेट्रोल वाढवून सोडते. तोच चढाव तिसऱ्यात 2500 वर अर्ध्या पायानं आरामात चढते. म्हणून गिअर स्पीड पाहून नका टाकू, पाय अन् आवाज पाहून टाका. थोडा पाय दाबल्यावर गाडी न थरथरता पुढं गेली तर गिअर बरोबर, अर्ध्याच्या खाली दाबूनही नुसती घुमली, उठली नाही, तर एक खालचा टाका, अन् तरी नाही उठली तर आणखी एक.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मी सांगतोच, कारण जीवाचा प्रश्न आहे. जिनिंगले चाललेला कापसाचा ट्रॅक्टर पुढं असते, दोन्ही बाजूनं बोचे बाहेर आलेले, 20-25 नं चाललेला. त्याच्या मागं तुमची गाडी बी तेवढ्यावर आली अन् गिअर तोच चौथा-पाचवा. समोर रोड मोकळा दिसला का लोक तसेच बाहेर निघतात, गाडी उठत नाही, मग ट्रॅक्टरच्या बरोबरीत आल्यावर गिअर शोधतात अन् समोरून ट्रक येते. मागं असतानाच दुसरा टाका, आवाज वाढू द्या, मग बाहेर निघा अन् 40-45 झाल्यावर तिसरा टाका. इंजिन गरम झालेलं असंल तर घडीभर 4000 आरपीएम झाल्यानं काहीच बिघडत नाही. सकाळी थंडं इंजिन चालू केल्या केल्या मात्र दोन-तीन किलोमीटर त्याले ताणू नका.

प्रश्न: स्विफ्ट डिझेल आहे. चिखलदऱ्याहून उतरताना आमचे मामा न्यूट्रल करतात, म्हणतात डिझेल वाचते. हे बरोबर आहे का? – एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर: चूक आहे, अन् मामांना हे वाचून दाखवा. आजकालची इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला का इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल जवळपास शून्य. न्यूट्रल केलं का इंजिनले स्वतःच्या जीवावर फिरत राहायले डिझेल लागते. म्हंजे ज्याच्यासाठी न्यूट्रल केलं तेच जास्त जाते. अन् कोणी चाबी बंद करून उतरत असंल तर दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होते अन् स्टिअरिंग बी जड.

चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास उंचीवर, परतवाड्याकडं वळणावळणानं उतरायचं, अन् न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर. मागच्या पावसाळ्यात घाट संपला तिथं मी एक भरलेली गाडी उभी पाहिली, पुढच्या दोन्ही चाकातून धूर, डिस्क निळसर पडलेली अन् जळक्या पॅडचा वास दूरवर. ड्रायव्हर बाटलीतलं पाणी डिस्कवर टाकायलेच निघाला होता, त्याले थांबवलं. तापलेल्या डिस्कवर थंडं पाणी पडलं का ती वाकडी होऊ शकते, तडा बी जाऊ शकते. अशा वेळी गाडी उभी करून हवेनंच थंड होऊ द्यायची.

घाट ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचा, बहुतेक करून दुसरा, कुठं तिसरा. ब्रेक सारखा घासत नाही ठेवायचा, वळणाआधी दाबून स्पीड तोडायची अन् सोडून द्यायचा. चढताना तुमच्या 1248 सीसीच्या इंजिनचा 190 न्यूटन मीटर टॉर्क 2000 आरपीएमले भेटते, 1500 च्या खाली टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) झोपलेला असते, म्हणून वळणावर आरपीएमचा काटा तिथं पडायच्या आतच गिअर खाली आणा.

प्रश्न: दादा, मी नवीनच गाडी शिकते आहे, सेकंडहँड घेतली, त्यात आरपीएमचा काटाच नाही. शेतात जायची पांदण पावसात पार चिखलाची होते, तिथं पहिला ठेवू का दुसरा? – एक वाचक, समुद्रपूर तालुका

उत्तर: ताई, काटा नसला तरी चालते, कान आहेत. लहान पेट्रोल गाडीत साधारण 15-20 ले दुसरा, 30-35 ले तिसरा, 45 ले चौथा, 55-60 ले पाचवा, अन् ओझं असंल तर थोडं उशिरा. पांदणीवर सुरुवातीलेच दुसरा टाका अन् एका लयीत, न थांबता निघा. पहिल्यात चाकाले जोर जास्त जाते, ते जाग्यावरच फिरते अन् काळी माती टायरच्या खाचेत भरून टायर गुळगुळीत होऊन जाते. अर्धा क्लच दाबून मात्र चालवू नका. फसलीच तर मागं-पुढं एक-दोनदा हळू करून पाहा, अन् जळक्या कागदासारखा वास आला का तो क्लच प्लेटचा, तिथंच थांबा, 15-20 मिनिटं थंड होऊ द्या अन् तेवढ्यात कोणाचं ट्रॅक्टर भेटते का पाहा.