आधी भरतीचं टायमिंग बघ, मग संशयित शोध
अरे भावा, त्या बेपत्ता बाईबद्दलची तुझी ग्रुपवरची पोस्ट वाचली, पण लगेच तिच्या नवऱ्यावर संशय कशाला घेतोस? गुहागरच्या पुळणीवर चपला सापडल्या म्हणजे बाई तिथेच बुडाली असं होत नाही. आधी त्या रात्रीचं भरतीचं टायमिंग काढ, दोन भरत्यांत साधारण साडेबारा तास जातात आणि वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे कालचा अंदाज आज चालत नाही. आता चपला भरतीच्या रेषेखाली, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं त्याच्या आत, अगदी जोडीने ठेवलेल्या मिळाल्या तर त्या पाणी ओसरल्यावरच कोणीतरी ठेवल्यात ना! हे चपलांच्या फोटोत दिसतं, पण बघतो कोण, सगळ्यांना खुनीच हवा असतो. आणि २४ तास थांबायचा नियमबियम काही नाही, माणूस बेपत्ता झाल्याची तक्रार पोलीस लगेच नोंदवतात. काही हाती लागलं तर थेट पोलीस ठाण्यात दे, ग्रुपवर नावं टाकू नकोस.